देवडोहात पाणमांजर नाही

५ जानेवारी १९८६, रविवार
रोजनिशी पाच तारखेला सुरू करतो आहे. पहिल्या चार दिवसांत लिहिण्यालायक कोणी काही केलं नाही.

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीची सहल ठरली. माळदुर्ग या थंड हवेच्या गावाखाली, नदीकाठी देवडोह नावाचं राखीव रान आहे, तिथे. पाणमांजरं दिसतात म्हणे. 'म्हणे' हा आमच्या पेठेत पुरावा समजतात. या विषयावर मिळतील ती सगळी पुस्तकं मी वाचली आहेत. अत्यंत लाजाळू प्राणी. मिनीबस भरून माणसं आली म्हणून दर्शनाला बाहेर येणार नाही.

हे जेवताना सांगितलं. प्रेमला म्हणाली, मी लहानपणी धायरीला नदीवर पाहिलीत की! आमच्यासमोर बसून मासे खायची. बायकोची ही कथा लग्नापासून ऐकतो आहे. ते मुंगूस होतं. पुन्हा समजावलं. तिने विचारलं, मुंगूस पोहत होतं का? म्हटलं, पडलं असेल.

८ जानेवारी, बुधवार
प्रेमलाचे भाऊ जयसिंगराव धायरीहून हुरडा घेऊन आले आणि बहिणीच्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, पाणमांजरच हाय ते दाजी, आमच्या जाळ्यातलं मासं पळवायचं. शास्त्रीय वादात नातेवाइकांची साक्ष धरत नाहीत, हे स्पष्ट केलं. त्यांनी हुरडा पुढे सरकवला.

प्रेमलाने पैज लावली. देवडोहात पाणमांजर दिसलं तर मी यापुढे जेवताना माहिती द्यायची नाही. 'वाढ' आणि 'पुरे', एवढंच बोलायचं. नाही दिसलं तर 'ते मुंगूस होतं' असं तिने चारचौघांत कबूल करायचं. ताबडतोब मान्य केलं. तिची कीव आली.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
सहलीचा मार्गदर्शक मी. ठराव मीच मांडला. विरोध करायला कोणी हजर नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या हेमाताई कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, पण पदवी वेगळी आणि ज्ञान वेगळं. मी मॅट्रिकनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. नुकसान कॉलेजचं.

जिन्यात नियम लावले. भडक कपडे नकोत. अत्तर नको. चिवड्याच्या पिशव्या वाजवू नयेत. रानात पूर्ण मौन. संध्याकाळी पाहतो तर 'पूर्ण मौन'च्या पुढे कोणीतरी लिहिलेलं, 'मार्गदर्शकही का?' अक्षर मुद्दाम वेडंवाकडं. शाई हेमाताईंची.

प्रेमलाने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, तिळगूळ घ्या, कमी बोला. या घरात परंपरासुद्धा नीट पाठ नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार
दिवसभर मौनाचा सराव. पेपरवाल्याने दुसऱ्याचाच पेपर टाकला, तेवढा अपवाद. नंतर नळाचं पाणी गेलं. नंतर रेडिओवरच्या बाईंनी घाटाचं नाव चुकीचं सांगितलं. एरवी सराव उत्तम. खाकी सदरा इस्त्री करून ठेवला.

१९ जानेवारी, रविवार, पहाटे
खाकी सदऱ्यात थंडी वाजते. वरून लाल माकडटोपी चढवली. प्राण्यांना लाल रंग नीट दिसत नाही. नियम सामान्य माणसांसाठी होता.

सकाळी, बसमध्ये
घाटातल्या खडकांची माहिती देत होतो. मागच्या बाकांनी अंताक्षरी सुरू केली. हा देश पुढे कसा जाणार?

संध्याकाळी
विजय. सविस्तर लिहितो.

डोहाकाठी सगळे खडकांवर बसले. बराच वेळ काही नाही. कोणी खोकलं की मी उठून मौनाचं महत्त्व सांगत होतो. शेवटी डोहाकडे पाठ करून उभा राहिलो आणि पाणमांजर दिवसा इथे का येऊ शकत नाही, हे समजवायला घेतलं.

सुरुवात नेहमीसारखी. हेमाताई जांभया देत होत्या, पैजेसाठी मुद्दाम धायरीहून आलेले जयसिंगराव तंबाखू मळत होते. आणि एकदम वातावरण पालटलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. जयसिंगरावांचा अंगठा तळहातावर थांबला. हेमाताईंनी आ वासला, पण या खेपेला जांभई नव्हती. प्रेमलाच्या डोळ्यांत पाणी! माझ्या बोलण्याने हे पहिल्यांदाच घडलं. खालच्या फोटो स्टुडिओचे मुनव्वरभाई लग्नातसुद्धा फिल्म जपून वापरतात. ते फोटोवर फोटो काढत होते. मला हाताने सारखे बाजूला सरकवत होते. कलावंत माणूस, उजेड पाहत असणार. पण माझी डावी बाजू बरी दिसते, म्हणून मी हललो नाही. बोट मात्र वर धरलं.

प्रेमला कुजबुजली, अहो, मागे... म्हटलं, शंका शेवटी.

भाषण संपवून वळलो. डोह रिकामा. हात पसरून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट.

परतताना प्रेमला हेमाताईंच्या कानात काही बोलली, हेमाताई पुढच्या बाकाच्या, असं करत निरोप ड्रायव्हरपर्यंत गेला. मग सगळ्यांनी आग्रह धरला, पाणमांजर दिवसा का येत नाही ते पुन्हा सांगा. सांगितलं. घाट संपल्यावर परत सांगायला लावलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. विषय कोरडा असला तरी मांडणी खुसखुशीत हवी.

२० जानेवारी, सोमवार
प्रेमलाला कबुलीची आठवण दिली. म्हणाली, फोटो येऊ देत, मग चारचौघांत बोलू. हरलेल्याला अवधी द्यावा. दिला.

मुनव्वरभाईंना निरोप: सगळ्यांत चांगला निघालेला फोटो मोठा करून चौकटीत बसवा, मला आधी दाखवायची गरज नाही. शुक्रवारी इमारतीला आमच्याकडे पोहे. जयसिंगरावांनाही बोलावलं. साक्षीदार हवा.

२४ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी
फोटो सर्वांसमोर उघडला.

मी धूसर आहे. लाल टोपी, वर केलेलं बोट आणि उघडं तोंड एवढं कळतं. माझ्या मागच्या खडकावर चार पाणमांजरं आहेत. ती मुळीच धूसर नाहीत. मिशा वेगवेगळ्या दिसतात. एकाच्या तोंडात मासा. बाकीची तिघं मान उंच करून माझ्याकडे बघत आहेत.

मुनव्वरभाई म्हणाले, किती खुणा केल्या साहेब, तुम्ही हलायलाच तयार नाही. मग फोकस त्यांच्यावर धरला. हेमाताई म्हणाल्या, पाणमांजरं चौकस असतात, आवाज कशाचा ते बघायला वर आली असतील. जयसिंगराव फोटोजवळ जाऊन म्हणाले, मुंगसंच की ओ दाजी. पाण्यात पडल्याली दिसत्यात.

पोहे संपले. लोक लवकर गेले नाहीत.

प्रेमलाने हातोडी आणली. खिळा ठोकून फोटो लावला. माझ्या पाटासमोर.

रात्री, जेवणानंतर
जेवताना प्रेमलाने धायरीच्या नदीची गोष्ट सांगितली. मी मध्ये बोलत नसल्यामुळे ती आज पहिल्यांदा शेवटपर्यंत गेली. पाणमांजराची पिल्लं होती आणि आई त्यांना मानगुटीला धरून पाण्यात ढकलायची, हे मला माहीत नव्हतं. गोष्टीत दोन चुका होत्या. आमटीत मीठ नव्हतं.

'वाढ' म्हणालो.