टाकीच्या आवाजाची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय पंचावन्न, धंदा ध्वनिमुद्रण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही. ती पुढच्या आठवड्यात बदलायची आहे. मला कुणी भरीला घातलेलं नाही. उलट 'असलं काही आत्ता लिहू नकोस' असंच घरातले सगळे म्हणाले, तेव्हा दडपण असलंच तर ते न लिहिण्याचं होतं. वकीलबाईंनी दिलेला नमुना वाचला. कलमांची पद्धत त्यांची ठेवली आहे, वाक्यं माझी आहेत. नाव आणि पत्ता सोबतच्या पानावर आहे.

कलम १. घर. वडिलांच्या मागे हे घर दादाच्या आणि माझ्या नावे निम्मं-निम्मं झालं. वरचा मजला दादाचा, खालचा माझा, अंगण आणि अंगणाखालची टाकी दोघांची. माझा सगळा हिस्सा माझ्या एकुलत्या लेकीला मिळावा. तिची आई हयात नाही, दुसरा वारस नाही, तेव्हा वाद व्हायचं कारण नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना लावलेली घोंगडी जुनाट दिसतात म्हणून काढू नयेत. ती शोभेसाठी लावलेली नाहीत.

कलम २. बँकेतली शिल्लक लेकीची. फार नाही. तिला ठाऊक आहे.

कलम ३. हत्यारं. दोन्ही सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कडी, बारीक स्क्रू-ड्रायव्हरांचा डबा हे सगळं त्याच डब्यांत, त्याच क्रमाने लेकीने ठेवावं किंवा कामाच्या माणसाला द्यावं. समोरचे चष्मेवाले माझा सर्वात बारीक स्क्रू-ड्रायव्हर 'पाच मिनिटांसाठी' घेऊन गेले, त्याला आता जमाना झाला. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. मात्र तो माझा होता, हे त्यांनी याच कागदावर साक्षीदार म्हणून सही करण्याआधी वाचावं.

कलम ४. टेप मशीन. हे मी भंगारातून उचललं असं लोक सांगतात. ते खोटं आहे. बंद झालेल्या एका रेडिओ केंद्राच्या लिलावातून आणलं. भंगार आणि लिलाव यांत फरक असतो. ते चालवायला मला कुणी शिकवलं नाही. उघडलं, बिघडवलं, परत जोडलं, असं करत शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

हे मशीन बँडच्या पोरांना द्यावं. कारण सांगतो.

उमेदीची सगळी वर्षं मी एकच काम केलं: आवाजातली घाण काढणं. खरखर, गुणगुण, सूं-सूं. मग एक दिवस ही पोरं दारात उभी राहिली. रॉक वाजवतात. वयाने माझ्या लेकीहून लहान आणि अंगावर बेलबॉटम, मोठ्या कॉलरी. गिटारवाल्याचा शर्ट तर खरोखरच त्याच्या आजोबांचा. ड्रमवाल्याने ड्रमवर भांडी पुसायचं फडकं पसरलं आणि वाजवायला लागला. आवाज बसका, पुठ्ठ्याच्या खोक्यावर थापा मारल्यासारखा. मला वाटलं, पोराचं काहीतरी चुकलं.

"नाही काका, असाच हवाय," तो म्हणाला.

गाणारी बालवाडीत शिकवते. दिवसभर पोरांवर ओरडून तिचा गळा जरा घोगरा झालेला आहे, आणि तो तसाच राहावा म्हणून ती काही करत नाही, एवढीच तिची साधना. ती म्हणाली, "काका, आवाज जरा घाण करा ना."

"अगं, मी जन्मभर घाण काढली."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. ज्याने काढली त्यालाच माहीत, कुठली ठेवायची ते."

मी विचारलं, तुमच्या जन्माआधीचा आवाज तुम्हाला कशाला हवा? त्या लोकांकडे दुसरं काही नव्हतं. तुमच्याकडे सगळं आहे. गिटारवाला म्हणाला, कॉम्प्युटरवर चूक खोडता येते, त्यामुळे कुणी जीव लावून वाजवतच नाही. ड्रमवाला म्हणाला, भारी वाटतं म्हणून. गाणारी म्हणाली, "जुना कुठे आहे काका? मी तर आत्ता गाते आहे." तिन्ही उत्तरं मी जपून ठेवली आहेत. एकही मला पुरेसं वाटत नाही. एकही खोटं वाटत नाही. ज्या कुणाला चौथं सापडेल त्याने ते माझ्या लेकीला कळवावं.

तर, मशीन त्यांचं. उचलताना ड्रमवाल्याने पुढच्या बाजूला धरावं. गिटारवाल्याच्या हाती देऊ नये. त्याचे हात वाजवण्यापुरतेच आहेत.

कलम ५. ज्या गृहस्थांनी वर्तमानपत्रात या बँडबद्दल लिहिलं, की 'हा आवाज आजीच्या पेटीतून उसना आणलेला आहे आणि घुमारा तर सरळसरळ यंत्राचा आहे', त्यांना माझ्या कपाटातला जुन्या रेडिओचा जळालेला व्हॉल्व्ह द्यावा. तो काचेचा आहे, दिसायला देखणा आहे, आणि त्यातून काहीही ऐकू येत नाही. घुमारा यंत्राचा नव्हता. पुढचं कलम वाचावं.

कलम ६. टाकी. वडिलांचा सूत रंगवायचा कारखाना याच अंगणात होता आणि त्याला पाणी लागायचं, म्हणून जमिनीखाली ही टाकी बांधली. माणूस आरामात उभा राहील एवढी उंच, भिंती सिमेंटने काचेसारख्या घोटलेल्या. कारखाना बंद झाला, टाकी कोरडी पडली. तिच्यात वाकून दिवा लावत असताना माझ्या हातून पक्कड निसटली. ती पडली आणि तिचा आवाज थांबेचना. मी वर ओणवा, कान टाकीच्या तोंडाशी लावून, तो संपायची वाट बघत राहिलो. मग 'ओ' दिली. टाकीने माझ्यापेक्षा सुरात 'ओ' परत दिली.

तेव्हापासून पद्धत अशी. गाणारी वर खोलीत गाते. तिचा आवाज तारेतून खाली टाकीतल्या स्पीकरला जातो. समोरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून माइक ठेवलेला असतो. तो फक्त घुमलेला आवाज वर आणतो. तो मूळ आवाजात चवीपुरता मिसळायचा. लांबून लांबून लोकांनी विचारलं, कुठलं मशीन वापरता? मी सांगितलं नाही. आता इथे सांगितलं.

पण टाकी दोघांची, आणि वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. वहिनी घरभर पिंपं भरून ठेवते. त्या घरात आडवं चालावं लागतं. दादाचं म्हणणं, टाकी पाण्यासाठी असते आणि धाकट्याने तिच्यात हवा भरून ठेवली आहे. यावरून आमचं बोलणं बंद झालं. जिना एक, चपला एका जागी, आणि निरोप वहिनीमार्फत.

"भावजी, तुमचे दादा विचारतायत, हवेने कपडे धुता येतात का?"

"त्याला सांगा वहिनी, वाळवता येतात."

हे असं चार वर्षं चाललं. आणि या चार वर्षांत वहिनीने एकदाही 'गाणं बंद करा' म्हटलं नाही, याची नोंद इथे व्हावी.

शस्त्रक्रियेचं ठरल्यावर लेक म्हणाली, "बाबा, टाकी रिकामीच ठेवायला हवी असं काही नाही. तिचा आवाज काढून घेऊ, मग खुशाल पाणी भरा."

"काढून घेऊ म्हणजे? दात आहे का तो?"

तिने समजावलं. ती कॉम्प्युटरवर ध्वनीचं काम करते. टाकीत फुगा फोडायचा. फुगा एकदाच 'फट्' म्हणतो. त्यानंतर जे मागे रेंगाळतं ते निव्वळ टाकीचं असतं. कॉम्प्युटर तेवढं रेंगाळणं शिकून घेतो. मग जगात कुठेही, कुणीही गायलं तरी ते या टाकीत गायल्यासारखं ऐकू येतं. मी म्हणालो, हा टाकीचा फोटो झाला, टाकी नव्हे. ती म्हणाली, मग फोटो बघून ठरवा ना. हे मात्र मला पटलं. न ऐकता मत देणं माझ्या धंद्यात बसत नाही.

ती वर कॉम्प्युटर घेऊन बसली, मी फुगा घेऊन शिडीने खाली उतरलो. तेवढ्यात टाकीच्या तोंडाशी अंधार झाला. दादा उतरत होता. दादाचा देह मोठा आहे, शिडीने तक्रार केली.

"माझ्या अर्ध्यात काय चाललंय ते बघायला आलोय," तो म्हणाला. चार वर्षांनी थेट मला. आणि खरोखरच मधोमध अंदाज घेऊन आपल्या बाजूला जाऊन उभा राहिला.

लहानपणी बाबांच्या हुकमावरून आम्ही दोघं ब्रश घेऊन ही टाकी आतून घासायचो. त्यानंतर दोघं एकत्र खाली कधी गेलो नव्हतो. दादा भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "ही लहान झाली की काय रे?"

"टाकी तेवढीच आहे. तू वाढलास."

पहिला फुगा फोडला. दादा "आयला!" म्हणाला आणि ते 'आयला' टाकीत जे फिरलं, की लेक वरून हसून हसून बेजार. दुसऱ्या फुग्याला तिने सांगितलं, "काका, श्वासपण घ्यायचा नाही." आम्ही दोघं श्वास रोखून एकमेकांकडे बघत उभे राहिलो. ते रेकॉर्डिंग चांगलं झालं. मग तिने दोघांना वर बोलावलं आणि काठीला टाचणी बांधून तिसरा फुगा वरूनच फोडला: टाकी पूर्ण रिकामी असताना.

चौथ्या दिवशी पोरांना बोलावून तिने एकच गाणं तीनदा लावलं. एकदा खऱ्या टाकीतून, एकदा रिकाम्या टाकीच्या फोटोतून, एकदा आम्ही दोघं आत असतानाच्या फोटोतून. कुठलं कुठलं, ते फक्त तिला ठाऊक. मी डोळे मिटून ऐकलं आणि दुसरं संपताच छातीठोक सांगितलं, हीच माझी टाकी. ड्रमवाला आणि गिटारवालाही म्हणाले, दुसरंच. गाणाऱ्या मुलीने पहिलं सांगितलं.

पहिलं खऱ्या टाकीचं होतं. दुसरं आम्हा दोघांचं.

मी ते दिवसभर उलटसुलट ऐकलं. कारण सापडलं असं मला वाटतं. कोरी सिमेंटची भिंत आवाजाची धार तशीच परत फेकते. माणसाचं अंग आणि कपडे ती धार पितात. दोन माणसं आत असली की घुमारा थोडा आखूड आणि थोडा उबदार होतो, म्हणजे नेमका तसा, जसा तो व्हावा म्हणून मी वर बसून इतकी वर्षं बटणं फिरवत होतो. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या पोटाने तुझा आवाज सुधारला." शास्त्रानुसार तेच खरं आहे.

गाणारी मात्र अडून बसली. "काका, गाण्याआधी मी दर वेळी खाली जाऊन उभी राहते. आवाज कुठे जाणार ते बघून येते. फुग्यात मी कुठे उतरू?" कानाने तिलाच बरोबर ओळखता आलं, हे लक्षात घेता तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिच्यासाठी टाकी कोरडीच ठेवावी असं मलाही वाटतं. पण वरच्या मजल्यावर एक बाई पिंपांतून आडवी चालते आहे, आणि तिलाही द्यायला माझ्याकडे या टाकीशिवाय दुसरं काही नाही. म्हणून खालीलप्रमाणे ठरवतो:

अ) मी परत आलो नाही, तर महिन्याच्या आत टाकीत पाणी भरावं. पंप वरपर्यंत नेण्याचा खर्च माझ्या शिलकीतून.

आ) टाकीचा आवाज माझ्या लेकीच्या मालकीचा. जुन्या आवाजाच्या मागे लागलेल्या कुठल्याही बँडला तिने तो द्यावा, मोबदला घेऊ नये. मात्र द्यायचा तो दोघं आत असतानाचा. रिकाम्या टाकीचा कुणाला देऊ नये.

इ) 'आयला' असलेलं रेकॉर्डिंग पुसू नये.

ई) पाणी भरताना माइक वर टांगावा, आणि पाव टाकी, अर्धी, पाऊण, अशा दर टप्प्याला एक फुगा फोडावा. पाणी चढताना घुमारा पातळ होत जातो, की एका उंचीला एकदम गायब होतो? माझा अंदाज दुसरा आहे. लेकीचा पहिला आहे. मला ऐकायला मिळणार नाही, आणि खरं सांगायचं तर शस्त्रक्रियेतलं हे एवढंच मला जाचतं.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी वहिनीला नेमतो. दादाला नेमलं असतं, पण त्याने कलम ६ (अ) ऐकल्यापासून पक्ष बदलला आहे. काल शस्त्रक्रियेआधीच पाणी भरून टाकू म्हणून मी पाइपवाल्याला बोलावलं, तर दादाने त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. ज्या टाकीसाठी तो चार वर्षं बोलला नाही, ती आता मी भरा म्हणतो आणि तो भरू देत नाही. त्याने साक्षीदार व्हायचं म्हटलं. वकीलबाई म्हणाल्या, लाभ ज्याच्या घरी जातो त्याची साक्ष चालत नाही. तेव्हा हरकत तरी लिहून घे, असा त्याचा आग्रह आहे. त्याच्याच शब्दांत लिहितो:

"पाणी नको. तू ये."

हरकत नोंदवली. कलमात बदल नाही.

सही: (सही) धाकटा भाऊ, मृत्युपत्र करणारा

साक्षीदार: (सही) समोरचे चष्मेवाले. कलम ३ वाचलं. स्क्रू-ड्रायव्हर सोबत आणला आहे.
साक्षीदार: (सही) पाइपवाला. मला परत पाठवलं, हे खरं आहे.

ठिकाण: राहतं घर, तळमजला, रेकॉर्डिंगची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा गुरुवार, टाकी कोरडी असताना