शाफ्ट सरळ झाला

अहो सदाचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा कारणच पडलं नाही. खाडी सोडून जात होतात कुठे? माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नका. पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या होडीचा शाफ्ट सरळ झाला! खडकावर पंखा आपटून इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा वाकला होता ना, तोच. तुमच्या लेकाने केला. शेवटचं आजारपण तुम्ही 'शाफ्ट, शाफ्ट' करत काढलंत, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला कळवावं.

होडी इथे चंडीगडला कशी, असं विचाराल. तुमचे दिवस झाले आणि सदाची इथे, चंडीगडला लागून असलेल्या चंडीमंदिरच्या छावणीत बदली झाली. फौजेतल्या माणसांचं सामान ट्रकने जातं. आमच्या ट्रकमागे आणखी एक ट्रक, त्यात होडी एकटी. सूनबाईने कपाळाला हात लावला. सदा म्हणाला, गावी ठेवली तर कुणीतरी फोडून चुलीत घालील. आता ती क्वार्टरच्या मागे विटांवर उभी आहे. शेजारची मेजरीणबाई पाहुण्यांना दाखवायला आणते. मला विचारते, माताजी, ये सच में चलती थी? चलती थी काय! याच होडीतून लग्न होऊन आले मी. तेव्हा इंजिन कुठलं, नुसतं शीड. वारा पडला आणि सगळं वऱ्हाड भर उन्हात खाडीत बसून राहिलं, आठवतं? माझ्या भावाने रुखवतातले लाडू संपवले आणि तुम्ही त्याला काही बोललाही नाहीत. भिडस्तच तुम्ही.

तर शाफ्ट. सदाने तो काढला तोच मोठा खटाटोप. गंज इतका की फुरफुरत्या ज्योतीच्या दिव्याने तापवून, ठोकून काढावा लागला. मग स्कूटरवर आडवा बांधून लेथवाल्या सरदारजींकडे. मीही गेले मागे बसून, शाफ्ट धरायला. या वयात! त्यांनी मशीनवर लावून फिरवला तर काय डुलत होता, लग्नात प्यायलेल्या मामासारखा. सरदारजी म्हणाले नवा करा. सदा म्हणाला, बाबांचाच हवा. दाबून, फिरवून, पुन्हा दाबून त्यांनी तो सरळ केला.

रविवारी बसवला. पंख्याला एक बोट लावलं तर फिरला! आवाज नाही, अडखळ नाही. नात टाळ्या पिटत म्हणाली, आजी, अब नाव चलेगी ना? मराठी सगळं कळतं हो तिला, उत्तर मात्र हिंदीत देते. मी शिरा केला. तुमच्या फोटोपुढे ठेवला होता, बघितलात ना?

मग सदाने तुमच्यासारखंच केलं. शाफ्ट होडीबाहेर पडतो त्या भोकात, शाफ्टभोवती, दोरीला ग्रीस चोळून ठासली, आणि गळते का बघायला होडीतच पाण्याचा पाईप सोडला. शाफ्टपाशी थेंब नाही. मी वाकून हात लावून बघितलं, कोरडा. पण मागे वळले तर माझे पाय भिजलेले. फळीफळीतून पाणी बाहेर येत होतं. दोन्ही अंगांनी, खालून, सगळीकडून.

इथली हवा हो! उन्हाळ्यात ओठ फुटतात तिथे लाकडाचं काय? तुम्ही होडी वर ओढलीत की माडाच्या झापांनी शाकारायचात, रोज पाणी मारायचात. आम्ही तिला फौजेची जाड ताडपत्री बांधली, दोरखंड आवळून, कुठून वारा शिरू नये म्हणून. आत भट्टी झाली. माया म्हणून केलं, आणि भाजून काढलं तिला. तुम्ही तरी बोलायचं होतंत, एकदा स्वप्नात येऊन! बाकीच्यांच्या येतात माणसं.

आता सदा रोज ऑफिसातून आला की पोती भिजवून तिच्यावर टाकतो, पाईप धरून उभा राहतो. लाकूड फुगेल, फटी मिटतील म्हणतो. फटी मिटतीलही. पण खालचा कणा उभा चिरलाय. माझा अंगठा जातो त्यात. तो फुगून मिटत नाही, हे मला कळतं. इतकी वर्षं तुमच्या घरात काढली मी.

काल राहवलं नाही. म्हटलं, "सदा, ती आता पाण्यात जायची नाही रे."

त्याने पाईप खाली केला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"ठाऊक आहे मला," म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसलं. पण आई, हे सोडलं तर बाबांसाठी करायला काय उरलं?"

तुम्ही गेलात तेव्हा हा पोर रडला नव्हता, तुम्हाला माहीत आहे? सगळे म्हणाले, फौजेतला आहे, घट्ट आहे. मलाही तसंच वाटलं.

होडी गेली हो तुमची. शाफ्ट आरशासारखा आहे आणि होडी गेली. सरदारजी काय, देव आला तरी आता काही व्हायचं नाही.

पण तुम्हाला शब्द देते. पुन्हा त्याला तसं म्हणणार नाही. इथून बदली होईपर्यंत संध्याकाळी तो पाणी मारेल, आणि मी पोती उलटीपालटी करीन. माझं गुडघ्याचं दुखणं असू दे.

तुमची,
सदाची आई