लाहला न गेलेली माणसं

मंगळ., ४ नोव्हें.
ज्वारी कापून झाली. गुलाबसिंगच्या पाड्यावरून बरेच जण आले होते, लाहला. आज आमच्याकडे ते, उद्या त्यांच्याकडे आम्ही. मजुरी नाही, नुसतं जेवण. दिवसभर कोणी मला 'आता कसं वाटतंय' विचारलं नाही. केवढं बरं वाटलं. पुण्यात नोकरी करताना असा एक दिवस...
संध्याकाळी कळसाडीहून मायचा फोन. "गोळ्या खाई ऱ्हायना ना भाऊ?" हो म्हणालो. नैराश्याच्या त्या गोळ्या दसऱ्यापासून बंद आहेत. आमची ही एकत्र राहायची वस्ती चालवणाऱ्या दादांनीच सांगितलं होतं, इथे माणसं हेच औषध.

शुक्र., ७
गुलाबसिंग सांगून गेला: उद्या घराचं आढं चढवायचंय, सगळे या. दादा हसून हो म्हणाले. तो गेल्यावर आठवलं, उद्या आपलं मौन. मौन मोडायचं नाही, ते समजून घेतील, इति दादा. निरोप कोण देणार, ते ठरलंच नाही.

शनि., ८
मौन. वरून पाड्यावरच्या हाका, लाकूड ठोकल्याचे आवाज. आम्ही डोळे मिटून ओळीत. उठावंसं वाटत होतं, उठलो नाही. चुलीत गेलं असलं मौन.

रवि., ९
एकटाच गेलो वर. आढं चढलंय. "माणसं कमी पडली. भावाचा खांदा निखळला," गुलाबसिंग म्हणाला. चहा दिला, बस म्हणाला नाही. निघताना: "योगेशभाऊ, तुमचं एकत्र राहणं तुमच्यापुरतंच आहे."
खाली आलो.

गुरु., १३
झोप नाही. पहाटे छातीवर तेच ओझं, पुण्यातलं. दात घासायचंही जिवावर येतं. गोलात बसलो तेव्हा लाहचा विषय काढला. दादा शांतपणे: "ही टोचणी म्हणजे तुझ्यात उरलेलं शहर." सगळ्यांनी माना डोलावल्या. असा संताप आला. शिवाय दादांचं फर्मान, रविवारी पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यापुढे मीच बोलायचं: इथे आलो नि गोळ्या सुटल्या.

रवि., १६
बोललो. न अडखळता. टाळ्या.
मग धुळ्याच्या एका बाईंनी बाजूला घेतलं. त्यांची मुलगी जीपच्या सावलीत बसलेली, मान खाली. "भाऊ, मग हिच्याही बंद करू का? आजपासूनच?" दादा शेजारीच उभे.
"नका करू," म्हणालो. "मी केल्या. मला झोप येत नाही. पहाटे विहिरीकडे जायची भीती वाटते."
मोठ्याने पहिल्यांदाच बोललो हे. बाई मुलीला घेऊन लगेच निघाल्या. दादांनी रात्रीपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

सोम., १७
दादांनी व्हिडिओ टाकला. त्यात फक्त आधीचं बोलणं. काढा म्हणालो, तर म्हणे, तेही तूच बोललास ना.
मायला फोन केला. "माय, गोळ्या नही खाई ऱ्हायनू." ती म्हणाली, "तळोदाले दवाखानामा ये. मी बी येस." रागावली असती तर बरं झालं असतं.
सकाळच्या जीपने जायचं. परत येईन की नाही, माहीत नाही. लाहच्या दिवशी मी खरंच बरा होतो, ते काही खोटं नव्हतं.
व्हिडिओखाली कोणीतरी रस्ता विचारलाय. भावाला घेऊन येतोय, त्याच्या गोळ्या आजच फेकून दिल्या, असं लिहिलंय.
उत्तर टाइप केलंय. रेंज गेली. फोन घेऊन टेकडीवर चढतोय