उजवी दांडी

लाप्पे, थंडर बे
१४ मे १९९५

ती. लेंपीताईस,
आर्वोचा शि. सा. न. वि. वि.

मोजे पोचले आणि पायात बसलेही, म्हणजे तुला माझं माप अजून आठवतं. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. लाइनवर नुसती खरखर येते, आणि आपण दोघं ओरडून बोलायला लागलो की फोनची गरजच उरत नाही. पत्रच बरं.

बातमी अशी की मी सहाचाकी घेतोय. तीच, पाण्यातही चालणारी, बाथटबला फुगे लावल्यासारखी दिसणारी. नवी परवडत नाही, आणि आवडतही नाही. वीस-पंचवीस वर्षांची जुनीच बघतोय. कारण आमच्या तळ्यावरच्या कॅम्पच्या खोपटाची वाट बीव्हरांनी ओढ्यावर बांध घालून बुडवली. सात किलोमीटरमधलं निम्मं आता पाणी नाहीतर दलदल. बूट रुततात आणि होडी अडते.

माझी एल्मा गेल्यापासून तीन उन्हाळे मी तिकडे फिरकलो नाही. शेवटचं निघालो तेव्हा तिने सॉनाच्या वाफेच्या खोलीतल्या बसायच्या फळ्या घासून बाहेर भिंतीला उन्हात टेकवून ठेवल्या होत्या. पुढच्या आठवड्यात येऊन आत ठेवू म्हणाली. तो आठवडा तिने इस्पितळात काढला. फळ्या अजून बाहेरच असतील. मला त्या आत ठेवायच्या आहेत, बाकी काही नाही.

पहिली गाडी काल पाहिली, पिवळी. मालक निवृत्त मास्तर. गाडी पाण्यात एकदाही घातली नाही, असं छाती फुगवून सांगत होता. पण हिची उजवी दांडी भलतीच जड. तुला माहीतच आहे, या गाड्यांना फिरवायचं चाक नसतं, दोन दांड्या असतात. उजवी ओढली की उजवीकडची चाकं थांबतात आणि गाडी उजवीकडे वळते, डावी ओढली की डावीकडे. ही डावीकडे लोण्यासारखी वळते, उजवीकडे मात्र ढिम्म. नको म्हणालो. भाऊजींनी तीस वर्षं याच गाड्या दुरुस्त केल्या, तेव्हा तुझ्या कानावर काही पडलं असेल तर कळव.

लहानपणी घोडीचा लगाम तू मला एकदाही धरू दिला नाहीस. निदान या दांड्या तरी माझ्या हातात असू देत.

लोभ आहेच, तो मोज्यांच्या रूपाने असाच येत राहावा.

तुझा,
आर्वो

सडबरी
२३ मे १९९५

चि. आर्वोस,
अ. उ. आ. वि. वि.

लगाम दिला नाही कारण तू घोडीला खंदकात घातलं असतंस. बापाने ती एकदा तुझ्या हातात दिली होती, तेव्हा दुधाच्या बरण्यांचं काय झालं ते आठव.

कानावर काही पडलं असेल तर, म्हणे! तीस वर्षं रेइनोचे तेलकट कपडे धुतले मी. आता ऐक. पाण्यात कधी घातली नाही असं जो सांगतो, त्याच्या टबाला भोक असतं. म्हणून टबात नळाने पाणी भर आणि गाडीखाली जाऊन बस. जे पाणी बाहेर गळतं तेच उद्या आत येणार. चाकांचे आस टबात शिरतात तिथल्या रबरी सीलांपाशी बोट फिरव. साखळ्या ढिल्या आहेत का ते चाक हाताने पुढेमागे हलवून बघ. टायरला भेगा असतील तर सरळ घरी ये, तसले टायर आता कुणी करत नाही. आणि टबाच्या बुडाचं बूच! रेइनोच्या गिऱ्हाइकांतले निम्मे बूच घरी विसरून पाण्यात उतरले आणि चालत परत आले. बूच किल्लीला बांधून ठेव.

दांडी जड असेल तर आतला ब्रेकचा पट्टा गंजला असेल. की आपलं नाचता येईना अंगण वाकडं?

एक विचारते. शनिवारचा सॉना दोन महिने पेटवला नाहीस असं युहाच्या बायकोने मला लिहिलंय. शेजारणी लिहितात, मी विचारत नाही. आपल्या फिनिश माणसाने शनिवारी सॉना पेटवला नाही म्हणजे एकतर घर जळालं किंवा माणूस आजारी. तुझं घर तर उभं आहे. मला काळजी वाटते. तळ्यावर एकटा जाऊ नकोस, युहाला ने.

माझे गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. प्रेम ठेवतोसच, थोडं जेवणाकडेही ठेव.

तुझी,
लेंपी

लाप्पे
११ जून १९९५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एल्माच्या टंकयंत्रावर लिहितोय. यंत्र इंग्रजी, तेव्हा आपल्या फिनिश अक्षरांवरचे ठिपके मागून पेनाने दिलेत. उगीच धूळ खात पडलं होतं, म्हणून काढलं. सॉनाचं म्हणशील तर लाकडं ओली आहेत आणि फोडायचा कंटाळा येतो. एवढंच. युहाच्या बायकोला दुसरं काम नाही.

दुसरी गाडी पाहिली, हिरवी. टबात पाणी भरलं, एक थेंब गळला नाही. टायर चांगले, साखळ्या ताठ. विकणारी विधवा बाई, साठीची. तिने सिगारेट ओढत ओढत एका हाताने गाडी अंगणात दोन्हीकडे गरगर फिरवून दाखवली. मग मी बसलो. पुन्हा तेच! उजवी दांडी हलेना. बाईला तिची खोड माहीत आहे, मला कुठून असणार? ती म्हणाली की दांडी तर मऊ आहे. विकायला बसलेलं माणूस दुसरं काय म्हणणार. तीही सोडली.

जुन्या गाड्यांची उजवी बाजू का बिघडते, याबद्दल भाऊजी काही म्हणाले होते का? रस्त्याच्या कडेने चालवून चालवून उजवीकडचं लवकर झिजत असेल, असं मला वाटतं.

इकडे डास मुबलक. हवे असल्यास पार्सलने पाठवतो.

तुझा,
आर्वो

सडबरी
१९ जून १९९५

चि. आर्वोस,
अ. उ. आ.

रेइनो उजव्या बाजूबद्दल कधीच काही म्हणाला नव्हता. तुझे ठिपके अक्षरांच्या डोक्यावर बसायचे सोडून शेजारी जाऊन बसलेत. चष्मा बदल, किंवा मला खरं काय ते सांग. फोन उचल.

लेंपी

लाप्पे
२७ जून १९९५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घेतली! लाल. मजबूत आहे. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात आणि दांड्या मधोमध. उजवी जडच आहे, पण आता सगळ्याच तशा असतात हे मला कळलंय, सवय होईल.

काल युहाच्या डबक्यात उतरवली. बूच लावलं होतं, किल्लीलाच बांधलंय. गाडी बदकासारखी तरंगली. मग डावीकडे वळली, आणि वळतच राहिली. मी डबक्याला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि लव्हाळ्यात घुसलो. युहाने दोर टाकून ओढलं. तो हसला नाही याचंच नवल वाटलं.

येत्या पंधरा तारखेला निघतोय. एकटाच. युहा पाठीमागे असला की सारखा विचारत बसतो.

तुझा,
आर्वो

सडबरी
४ जुलै १९९५

चि. आर्वोस,
अनेक आशीर्वाद, आणि आज खरोखरच अनेक.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग रेइनोच्या रिकाम्या गॅरेजात जाऊन बसले. तो म्हणायचा, एका गाडीला रोग असेल तर गाडी उघडावी. तीन गाड्यांना एकच रोग असेल तर गिऱ्हाइकाला खुर्ची द्यावी, कॉफी पाजावी आणि कप कुठल्या हाताने उचलतो ते बघावं.

पिवळी, हिरवी, लाल. तीन कारखान्यांच्या, तीन मालकांच्या. आर्वो, तू कप कुठल्या हाताने उचलतोस?

लाकडं तू फोडत नाहीस. पेनाऐवजी टंकयंत्र काढलंस. फोन उचलत नाहीस, कारण लाइन खरखरत नाही, तुझी जीभ अडखळते. मी गमतीत अंगण वाकडं म्हणाले ते आता माझ्याच घशात अडकलंय. मला माफ कर. आणि माफ करून झालं की ऐक: मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की समोर असतास तर मोज्यांसकट बदडलं असतं. एल्मा गेली, रेइनो गेला. पाण्यात गोल गोल फिरून तूही जायचं आणि मी युहाच्या बायकोच्या पत्रातून ते वाचायचं, असा बेत आहे का?

का लपवलंस तेही मला कळतं. डॉक्टरकडे गेलास तर लायसन्स जाईल, आणि लायसन्स गेलं तर शहरापासून तीस किलोमीटरवर एकट्याने राहता येणार नाही. घर जाईल. मी हे खोटं आहे म्हणणार नाही. पण आधी डॉक्टर. मग तळं. या क्रमाने झालं नाही तर फळ्या तिथेच कुजू देत.

मी येते आहे. बारा तारखेची बस, तेराला सकाळी पोचते. गुडघ्यांना सांगून ठेवलंय.

रागही प्रेमच समज, वेगळं पाठवायला आज उरलेलं नाही.

तुझी,
लेंपी

लाप्पे
१० जुलै १९९५

ती. ताईस,
शि. सा. न.

डाव्या हाताने, पेन्सिलीने लिहितोय. युहा उद्या शहरात जातोय. तिथे रात्रीच्या बसवाल्याकडे देईल, म्हणजे निघायच्या आत तुला मिळेल. दोन दिवस लागले, चुका पोटात घाल.

मार्चमध्ये झालं. सॉनात दगडांवर पाणी टाकत होतो, पळी हातातून गळून पडली. उचलायला गेलो तर बोटं ऐकेनात. तासभर तिथेच बसून राहिलो. दगड थंड झाले. तेव्हापासून सॉनात जायची भीती वाटते. हे युहालाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी त्यानेच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लकव्याचा हलका झटका होता, उशीर केलात, पण हात थोडा परत येईल, रोज व्यायाम केला तर. गाडी चालवायची नाही, असं त्यांनी लायसन्सवाल्यांना लिहून पाठवलं. मी वाद घातला नाही. परत येताना युहाच्या गाडीत उजवीकडे, न चालवणाऱ्याच्या जागी, बसलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. घराचं काय करायचं ते तू आल्यावर बोलू. विकायचं असेल तर विकू, पण आधी तळं.

लाल गाडीत दोघं बसतात, मी लिहिलं होतंच. मी डावीकडे बसलो की उजवी दांडी बरोबर तुझ्या हाताशी येते. युहाच्या बायकोला बसवून बघितलं. ती तुझ्यापेक्षा ठेंगणी, तरी पोचते. दांडी मुळीच जड नाही म्हणाली. वळायचं कुठे ते मी सांगेन, ओढायची तू. वाटेत बीव्हरांचा बांध आहे, तिथे उजवीकडेच वळावं लागतं.

बूच किल्लीला आहे. कॉफीही भरून ठेवलीय.

बाकी लोभ कमीजास्त झाला तरी चालेल. अर्धा लगाम तेवढा माझ्याकडे असावा, ही विनंती.

तुझा,
आर्वो