मागच्या अंगणाचा तुकडा

प्रिय दादा,

"जागेची वाटणी करायची तर आधी माझे दोन तुकडे करा," असं बाबा तुला म्हणाले होते, हातात कात्री तशीच धरून. तू हक्क सोडल्याची सही केलीस, माझ्या डोक्यात टपली मारलीस आणि गेलास. तेव्हापासून तू भाड्याच्या खोल्या बदलतोस आणि मी तुझे नवे पत्ते पाठ करते. बाबा गेल्यावरही तू हा विषय काढू दिला नाहीस.

तर बातमी अशी, की नियम बदलला. पूर्वी आपल्याएवढ्या जागेचे दोन प्लॉट करायचे म्हटलं की कचेरीतले लोक हसायचे. आता लहान तुकडा चालतो. मागच्या घराला रस्त्यापर्यंत चिंचोळी वाट दिली की पुरे. जास्त लोकांना घरं मिळावीत म्हणून केलंय म्हणे. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला.

अडचण बाबांनीच करून ठेवलेली. शिंपी माणूस, कपड्याला ठेवतात तशी चारी बाजूंना माया ठेवून घर बरोबर मधोमध बांधलं. मोजणीदार वैतागला. म्हणाला, "ताई, हे घर आहे की खुंट्याला बांधलेली म्हैस? कुठूनही रेघ मारा, हिच्या अंगावरूनच जाते." मी म्हटलं, जाऊ द्या. मागची पडवी आणि अडगळीची खोली पाडून टाकली. अडगळ सध्या माझ्या पलंगाखाली आहे. लेक म्हणते, आई, तुला पाडापाडीचा भारी सोस. असेल. पण मागे चांगली घरापुरती जमीन निघाली, सकाळच्या उन्हाची.

शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, विकणार का? एक बिल्डरही चहा पिऊन गेला. दोघांना सांगितलं, माणूस ठरलेला आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू तीन जिने चढून एकटा राहतोस, हे मला तुझ्या घरमालकिणीकडून कळावं? त्याचं भांडण नंतर. तू नेहमी म्हणतोस, बहिणीकडे चार दिवस पाहुणा म्हणून ठीक, राहायला नाही. मान्य. म्हणून तर मागे बांधायचं ते घर माझं नाहीच. वेगळा प्लॉट, वेगळं फाटक, वेगळा मीटर, सगळं तुझ्या नावावर. पायरी एकही ठेवणार नाही. तू नाही म्हणणार, तेही हसत हसत, हे मला लिहितानाच ऐकू येतंय. तरी विचारते: कायमचा राहायला येशील?

तुझीच,
हट्टी धाकटी