वाडीचं पान

३ नोव्हेंबर १९३७, हिर्डोशी

वहीची चार पानं केली — घर, शाळा, भोर, वरची वाडी. कॉलेजातल्या बाई सांगायच्या, काम जिथं व्हायचं त्या जागेच्या पानावर लिहा. तिथं गेलात की सगळी एकदम उरकतात. किती सोपं!

आबा डोकावून म्हणाले, "माजा चष्मा कंच्या पानावर?" मोडला घरात, दुरुस्ती भोरात. दोन्हीकडं लिहिला.

५ नोव्हेंबर

मी शिकवते त्या शाळेत मुलींचा वर्ग मंजूर व्हायला दहा नावं हवीत, तीस तारखेच्या आत. नऊ झाली! दहावी ठकू — वाडीवरच्या भागूबाईंची लेक. वाडीच्या पानावर लिहिलं, "ठकूबद्दल विचारणे." चढ दोन तासांचा. रविवारी जाईन.

९ नोव्हेंबर

रविवारी आबांना ताप. राहिलं.

सकाळी भागूबाई लोणी घेऊन खाली आल्या. रोजच्यासारख्या दारात थांबून पाणी प्यायल्या. "मला वाडीवर यायचंय," म्हटलं. "या की, बाई," म्हणाल्या. तांब्या रिकामा झाला तरी उभ्याच.

१६ नोव्हेंबर

काल भोरला गेले. चष्मा दोन पानांवर कशाला, म्हणून एक ओळ खोडली होती — भोरचीच! चष्मा घरीच राहिला. आबा पोट धरून हसले. आई हसली नाही. म्हणाली, "बी.ए. झालीस, आन् कामं वहीतच."

परवाचा रविवारही वह्या तपासण्यात गेला. वाडी राहिली. पानं बदलू का?

२४ नोव्हेंबर

भागूबाई तांब्या परत देताना म्हणाल्या, "ठकूला धाडली. पासलीला, भनीकडं. वासरं राखाया."

"अहो, मी तिच्यासाठीच वाडीवर येणार होते! शाळेत घालायचं विचारायला!"

"म्या तर रोज हितंच हुते, बाई."

"मग तुम्ही तरी बोलायचं!"

"तुमी शिकलेल्या. आमी आपणहून कसं तोंड उघडावं?"

संध्याकाळभर वही उघडून बसले. ओळ बरोबर पानावर आहे. मग चुकलं कुठं? रोज त्यांच्या हातात तांब्या देत होते मी! नऊच नावं.

२८ नोव्हेंबर

आज वाडीवर गेले. नोकरीसाठी इथं राहायला येऊन पाच महिने झाले, त्या वाटेला पहिल्यांदाच. ठकू नाहीच.

आमच्या घरामागच्या वळणावर, वाटेला लागूनच झरा आहे. पाणी गार, ओंजळीनं पिता येतं. भागूबाई रोज त्याच्यावरूनच खाली येतात.