खुंटी आणि म्हातारी

४ जून १९५१
कुऱ्हाड अशी धरतात? सिनेमाचा नायक — जंगल वाचवणारा म्हणे — दांडा छातीशी धरतो, जसं काही तान्हं पोर! त्याला शिकवायला सिनेमा कंपनीने मला बोलावलं. योग्यच केलं. रेडवुड पाडावं तर मीच. शाळेची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते झाडांकडून.

६ जून
डायरेक्टर प्रेंटिससाहेबांना एक झाड खरोखर पडताना हवंय. कुठलं? नदीकाठचं सगळ्यात जुनं रेडवुड — आमची म्हातारी! मी म्हटलं, "झाडं वाचवायच्या सिनेमासाठी झाड पाडायचं?" म्हणाले, "त्याशिवाय लोक रडणार कसे?"
जंगलाच्या मालकाने झाड त्यांना विकलंय. मी नाही म्हटलं तर कुणी अडाणी येऊन तिच्या ठिकऱ्या करणार. हो म्हटलं.
घरी बायकोने, हिल्माने, पळी आपटली. लग्नाचं मी तिला म्हातारीखालीच विचारलं होतं. "तेव्हाही तू बुंधाच मोजत होतास!"
मोजावा लागतो.

९ जून
फांद्यांचा बिछाना घातला. नुसत्या जमिनीवर पडली तर म्हातारी काचेसारखी फुटेल. मग शेंडा टेकेल तिथे खुंटी ठोकली. आमची रीतच आहे — ठोकलेली खुंटी पडत्या झाडानेच जमिनीत गाडायची. माझी आजवर एकही चुकलेली नाही. हाताने उपटणं म्हणजे हार. एइनो, माझा करवतीचा जोडीदार, सगळ्यांदेखत म्हणाला, "उपटेल त्याने बायकोचा झगा घालावा!"
सगळ्यात मोठ्याने मीच हसलो.

११ जून
आधी बायकांचा प्रसंग. गावच्या बायका म्हातारीभोवती कडं करून उभ्या. पुढे नायकाचं भाषण — कुऱ्हाड उलटी! प्रेंटिससाहेब हिल्मावर खूश. "त्या लाल रुमालवालीच्या डोळ्यांत काय अंगार आहे!"
असणारच. तो अंगार माझ्यासाठी आहे.
"कट!" झालं. नायक कॉफी प्यायला गेला. बायका जागच्या हलेनात.
"बायांनो, प्रसंग संपला!" साहेब ओरडले.
"तुमचा संपला असेल," हिल्मा म्हणाली. बसली, आणि विणकाम काढलं.
साहेब माझ्यावर घसरले — "तुमची बायको ना? हलवा तिला!"
"साहेब, मी फक्त झाडं पाडतो."

१२ जून
अजून तिथेच. घरी चूल थंड. मी केलेली लापशी कुत्र्यानेही हुंगून सोडली.
एइनो म्हणे, "आर्वो, खुंटी वाट बघतेय रे!"

१३ जून
किटली भरून कॉफी नेली. जाताना खुंटी उपटली. हिल्माने सरकून जागा दिली.
एइनोने घरून बायकोचा झगा आणलाय. मला कमरेला दोन इंच कमी पडतो.